सेकंडहँड रडर पेडल घेतले, चार महिने वापरून लिहितोय

रडर म्हणजे विमानाच्या शेपटीवरची उभी झडप, नाक डावी-उजवीकडं फिरवणारी, आणि कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या गेममध्ये ती पायानं चालवायला हे पेडल. मे महिन्यात घेतले होते, आता सप्टेंबर चाललाय, म्हणजे लिहायला हरकत नाही. ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण सेकंडहँड होते, आधीच्या माणसानं कसे वापरले देव जाणे, उगाच कंपनीच्या नावानं खडे फोडायचे नाहीत. या किमतीतले पेडल सगळे साधारण एकाच घडणीचे, प्लास्टिकचा डबा, वर दोन पावलं, एक पुढं ढकललं की दुसरं मागं येतं, पावलाचा वरचा भाग दाबला की ब्रेक. साडेसहा हजारांना पडले. नवीन घ्यायचं म्हटलं तर दुपटीच्या वर जातं, तेवढे पैसे घरात सांगून काढणं मला जमलं नसतं.

आधी हे सांगतो की घेतले कशाला. मी पायलट नाही. शिरोलीला फाउंड्रीत अकाउंट बघतो. पण विमानाचं वेड जुनं, आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर कॉलेजपासून खेळतोय (तो गेम १९८२ सालचा आहे बरं का, माझ्यापेक्षा थोडाच लहान), पण सगळं जॉयस्टिकवर. जॉयस्टिक पिळली की रडर फिरतो, चालून जातं. सेसना १७२ हे छोटं विमान घ्यायचं, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं उडायचं, पन्हाळ्याला वळसा घालायचा आणि परत येऊन उतरायचं. वारा शून्य ठेवला की आपण राजे. वारा चालू केला, तोही बाजूनं, की विमान रनवेच्या शेजारच्या गवतात. दर वेळी. मग कुणीतरी सांगितलं, हातानं रडर मारून आडव्या वाऱ्यात उतरायला शिकणं म्हणजे हातानं सायकलचं पेडल मारण्यासारखं आहे, पायाचं काम पायाला दे. ते डोक्यात बसलं.

आता पहिला दिवस. पार्सल उघडलं, यूएसबी लावली, कॉम्प्युटरनं लगेच ओळखलं, ते काही त्रासाचं नाही. खुर्चीवर बसलो, उजवा पाय दाबला, आणि पेडल गेले टेबलाखाली सरकत भिंतीपर्यंत. आमच्याकडं गुळगुळीत फरशी आहे. खाली चार रबरी बटणं दिलीत पण ती नावालाच. पेडल भिंतीला टेकवले, परत दाबलं, आता खुर्ची मागं गेली, कारण ती ऑफिसची चाकाची खुर्ची. म्हणजे विमान जागेवर आणि पायलट किचनच्या दारात. बायको म्हणाली काय चाललंय हे. तेव्हापासून लग्नाच्या हॉलमध्ये असते तसली प्लास्टिकची खुर्ची वापरतोय, तिचे पाय फरशीला बऱ्यापैकी धरतात. कुठल्याही जाहिरातीत हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतोय, पेडलच्या किमतीत खुर्ची धरा.

दुसरी भानगड स्प्रिंगची. मध्यभागी एक खाच आहे, पाय सोडला की पेडल त्या खाचेत येऊन बसतात. ऐकायला बरं वाटतं पण तिथंच सगळी गोची आहे. त्या खाचेतनं बाहेर काढायला जोर लागतो, आणि एकदा निघालं की एकदम निघतं, म्हणजे थोडासा, कणभर रडर द्यायचा असेल तर देताच येत नाही, एक तर काहीच नाही नाहीतर बोटभर. आणि आडव्या वाऱ्यात उतरताना कणाकणाचंच काम असतं. माझं विमान रनवेवर सापासारखं वळवळत जायचं, डावीकडं, मग जास्त उजवीकडं, मग त्याहून जास्त डावीकडं.

इथं उद्यमनगर कामाला आलं. शिवाजी उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, आमच्या फाउंड्रीची बारीकसारीक कामं करतात, त्यांच्याकडं डबा घेऊन गेलो. त्यांनी आधी विचारलं, "साहेब, हे शिलाई मशीनचं हाय का?" म्हटलं विमानाचं आहे. ते काही बोलले नाहीत, स्क्रू खोलले, स्प्रिंग बाहेर काढली, बोटात धरून दोनदा दाबली आणि डब्यात हात घालून तिच्याच लांबीची पण बारीक तारेची दुसरी शोधून काढली. ती बसवली, खाचेची कड कानसेनं थोडी मारली. मग ५ एमएमची एमएस प्लेट (साधं पोलाद), दोन फूट बाय दीड फूट, तिला पेडल बोल्टनं आवळून दिले आणि प्लेटखाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा चिकटवला. प्लेटचं वजनच दहा किलोच्या वर आहे. आता त्याच्यावर नाचलं तरी हलत नाही. सगळं मिळून ९०० रुपये आणि एक चहा, चहाचे पैसे पण त्यांनीच दिले.

तर रिव्ह्यू खरा इथनं सुरू होतो. डब्यातनं निघालेला माल ५ पैकी २. उद्यमनगरातनं आल्यावर ४.

ज्यांना आडव्या वाऱ्याचा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, नाहीतर म्हणाल एवढं काय त्या पेडलचं कौतुक. विमान हवेत असतं तेव्हा ते हवेबरोबर वाहतं. पंचगंगा घाटावर पावसाळ्यात पोहणारी पोरं बघितलीत ना, समोरच्या काठाला नीट समोर पोहोचायचं असेल तर तोंड वरच्या अंगाला करून पोहतात, पाणी त्यांना खाली ओढतं, दोन्ही मिळून पोरगं सरळ पलीकडं जातं. विमानाचं तेच. वारा डावीकडनं असेल तर नाक डावीकडं ठेवायचं, मग विमान तिरकं तोंड करून पण सरळ रनवेच्या रेषेवर येत राहतं. याला क्रॅब म्हणतात, खेकड्याची चाल. हवेत हे एकदम झकास. अडचण जमिनीवर. चाकं रनवेच्या दिशेला हवीत आणि नाक तर तिरकं आहे, तसंच टेकवलं तर टायर आडवे घासतात, चाकाच्या दांड्यावर बाजूनं ताण येतो, विमान एका अंगाला झटका खातं. म्हणून टेकायच्या आधी रडरनं नाक सरळ करायचं. पण नाक सरळ केलं की वारा लगेच विमानाला बाजूला ढकलायला लागतो, मग ते ढकलणं मारायला वाऱ्याकडचा पंख खाली करायचा. म्हणजे वारा डावीकडनं तर हात डावीकडं आणि पाय उजवा. हात एकीकडं, पाय दुसरीकडं, आणि दोन्ही सतत बदलत राहायचं कारण वारा काही इस्त्री केलेला नसतो.

आणि मग उतरायचं ते एका चाकावर. आधी वाऱ्याकडचं मागचं चाक, मग दुसरं, मग शेवटी नाकाचं. मला आधी वाटायचं एका चाकावर उतरणं म्हणजे चूक झाली, पायलटचा हात हलला. तर नाही, तेच बरोबर आहे.

जुलैत हायवेनं बाइकवर किणीकडं जाणाऱ्यांना हे अर्धं आपोआप येतं. बाजूचा वारा आला की आपण गाडी वाऱ्याकडं किंचित कलती ठेवतो, सरळ ठेवली तर दुसऱ्या लेनमध्ये. पण सायकल-बाइकवाल्याचा तोटा पण आहे. हँडलची उजवी मूठ पुढं ढकलली की पुढचं चाक डावीकडं वळतं, आणि उजवं रडर पेडल पुढं ढकललं की विमानाचं नाक उजवीकडं जातं. डोक्यात पंचवीस वर्षांचं हँडल बसलेलं. पहिले आठ-दहा दिवस मी घाईत दर वेळी उलटा पाय मारलाय, आणि उलटा पाय जमिनीपासून पाच फुटांवर मारला की काय होतं ते तुम्हीच समजा.

उजळाईवाडीचा रनवे ०७/२५ आहे, म्हणजे होकायंत्रावर एक टोक ७० अंशांकडं आणि दुसरं २५० कडं, आकड्यातलं शेवटचं शून्य काढून टाकतात. २५० म्हणजे जवळपास पश्चिम, थोडं दक्षिणेकडं झुकलेलं. आपल्याकडं पावसाळ्यात वारा कुठनं येतो? तिकडनंच. म्हणजे १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या वेळचा विमानतळ, आणि पावसाळी वारा बराचसा नाकावर येतो. चांगली गोष्ट आहे पण माझ्या कामाची नाही, मला आडवा पाहिजे. म्हणून सिम्युलेटरमध्ये वारा स्वतः लावायचा. मी १९० अंशावरनं १४ नॉट (ताशी साधारण २६ किलोमीटर) लावतो. २५० आणि १९० मध्ये ६० अंशांचा फरक, तर आडवा किती? साइनचं गणित आहे पण पायलट लोकं घड्याळ वापरतात, ते मला जाम आवडलं. फरक १५ अंश असेल तर १५ मिनिटं म्हणजे पाव वारा आडवा, ३० अंश तर अर्धा, ४५ तर पाऊण, ६० आणि वर असेल तर पुरा धरून चाला. माझा साइननं १२ नॉट येतो, घड्याळानं १४, जास्त धरलेलं बरंच.

सेसना १७२ च्या पुस्तकात १५ नॉट आडवा वारा लिहिलेला आहे, ताशी २८ किलोमीटर म्हणा. त्यापुढं विमान पडतं असं नाही, कंपनीच्या टेस्ट पायलटनं तेवढ्यात उतरून दाखवलंय एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळच्या नियमात तर स्टॉल स्पीडच्या (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग) ०.२ पट एवढंच दाखवायला सांगितलेलं, ते या विमानाला नऊ-दहा नॉट येतं. पण शिकणाऱ्या पोरांना १५ पर्यंत कोण जाऊ देतंय, त्यांची मर्यादा शाळा ठरवते आणि ती बरीच खाली असते.

हे सगळं मला भाच्यानं शिकवलं. तो पायलटचं ट्रेनिंग करतोय, कोल्हापुरात नाही, बाहेर. पहिलं सोलो, म्हणजे एकट्यानं उडणं, झालेलं, पण आडव्या वाऱ्यात गाडी अडलेली. जुलैत ढग खाली आले, तिकडचं फ्लाइंग बंद पडलं, तो आठ दिवस इकडं आला. आल्या आल्या पेडल बघितले, बूट काढले आणि अनवाणी बसला. म्हणाला मामा, सुरुवातीला पातळ तळव्याचं काहीतरी घाला नाहीतर अनवाणी बसा, स्पोर्ट शूजमधनं पेडल कळत नाही. पहिल्या झटक्यात उतरला. मी बघतच बसलो. डावं चाक टेकलं, टायरचा चुईं आवाज आला, एक सेकंद विमान तसंच एका चाकावर, मग उजवं, मग नाक सावकाश खाली.

मग मी. अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, ६५ नॉट, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, हळू उतरायला खाली करायच्या झडपा) २० अंशच, कारण आडव्या वाऱ्यात फ्लॅप लागतील तेवढेच कमी वापरायचे. नाक डावीकडं, रेषेवर येतोय, सगळं छान. रनवेच्या सुरुवातीला उजवा पाय दिला, डावा पंख खाली, आणि माझी नजर गेली नाकावर, विमान सरळ झालं का बघायला. तो मागनं ओरडला, "नाकाकडं बघू नका, रनवेच्या शेवटाकडं बघा!" तोवर मी उजवीकडं वाहत गेलेलो. "थ्रॉटल! फुल्ल! वर जावा!" वर गेलो. परत आलो. परत वर गेलो. त्या रात्री अकरा वेळा गो-अराउंड, म्हणजे न टेकता परत वर, केला, आणि तो म्हणाला ते अकरा खऱ्या लँडिंगपेक्षा भारी, कारण जमलं नाही तरी बळंच टेकवायचा हट्ट करणाऱ्यांचीच विमानं वाकडी होतात. बायकोनं आतनं विचारलं, जेवायला उतरणार का दोघं आज. तांबडा-पांढरा रस्सा गार झालेला.

पण मजा पुढं आहे. त्याचं स्वतःचं अडलेलं होतं ते टेकल्यानंतर. चाकं टेकली की त्याला वाटायचं झालं, सुटलो, आणि हात सैल. पंख सरळ. आणि विमान हळू होत जातं तसा रडरमधला, एलेरॉनमधला (पंख खाली-वर करणाऱ्या झडपा, हाताच्या) जोर कमी होत जातो, वारा मात्र तेवढाच असतो. मागचं शेपूट मोठं, वारा शेपटीला ढकलतो, नाक वाऱ्याकडं फिरायला बघतं, देवळावरच्या झेंड्यासारखं. म्हणून टेकल्यावर हात कमी नाही करायचा, उलट वाऱ्याकडं वाढवत न्यायचा, पुरा फिरेपर्यंत, आणि पाय जिवंत ठेवायचा. नाकाचं चाक खाली येताना पाय कुठं आहे तेही बघायचं, ते चाक पेडलशी जोडलेलं असतं, तिरका पाय ठेवून टेकवलं तर विमान त्या बाजूला हिसका मारतं. इन्स्ट्रक्टरनं त्याला सांगितलेलं म्हणे, की विमान बांधून होईपर्यंत उडतंय असंच समज. ते ऐकलेलं होतं, पायाला माहीत नव्हतं. इथं त्यानं मुद्दाम उतरायचं कमी आणि उतरल्यानंतरचे वीस सेकंदच घोटले. साठ-सत्तर वेळा तरी. घामानं पेडल ओले.

जॉयस्टिकवर हे झालंच नसतं. पेडल कशाला घ्यायचे असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हे वीस सेकंद.

(पेडल नसलेलं पण विमान होतं. एरकूप नावाचं छोटं अमेरिकन विमान, १९४० च्या सुमाराचं, त्यात रडरला पाय नव्हताच, स्टिअरिंगलाच सगळं जोडलेलं. आडव्या वाऱ्यात ते खेकड्यासारखं तिरकंच टेकवायचं आणि चाकांचे दांडे तसे दणकट केलेले. आणि बी-५२ बॉम्बरची चाकंच वळवता येतात, नाक तिरकं, चाकं सरळ. भाच्याला म्हटलं तुमच्या सेसनाला पण बसवा की असलं. म्हणाला मग मामा, ९०० रुपयांत होणार नाही.)

आता तक्रारी. ब्रेकचं डावं पाऊल ऑगस्टपासून येडं झालंय. न दाबता स्क्रीनवर दोन-तीन टक्के दाबल्यासारखं थरथरतं. आत पोटेन्शिओमीटर आहे, जुन्या रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं तेच, धूळ गेली की खरखर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पंधरा दिवस बरं होतं, परत सुरू. शेवटी सेटिंगमध्ये ब्रेकला डेड झोन (तेवढी हालचाल गेम मोजतच नाही) पाच टक्के ठेवला. महागाच्या पेडलमध्ये चुंबकाचे सेन्सर येतात, हॉल इफेक्टचे, त्यात घासणारं काहीच नसतं, पैसे असतील तर ते बघा. रडरला मात्र डेड झोन शून्यच ठेवा, मी सांगतोय. पहिल्यांदा कुठल्यातरी व्हिडिओचं ऐकून दहा टक्के ठेवला होता, म्हणजे मिस्त्रींनी कानसेनं काढलेली खाच मी सॉफ्टवेअरमधनं परत घातली.

पावलं पण जवळजवळ आहेत. भाच्याचं म्हणणं खऱ्या सेसनात यापेक्षा थोडी ऐसपैस जागा असते. माझे गुडघे तासाभरात धरतात, त्याला कारण पेडल का वय, सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट कुठलाच पेडल देणार नाही. खऱ्या विमानात वाहत चाललोय हे आधी बुडाला कळतं, मग डोळ्याला. खुर्चीतनं कळतं. इथं बूड प्लास्टिकच्या खुर्चीवर, तिला काय कळणार. झोताचा वारा सिम्युलेटरमध्ये लावता येतो, १२ चा २० झाला की त्यातल्या वाढीचा अर्धा, म्हणजे ४ नॉट, अप्रोचच्या स्पीडमध्ये वाढवायचे, हे सगळं पाठ होतं. पण मे महिन्यात वळवाच्या आधी जो धुरळा उठतो, पत्रे वाजायला लागतात, दुकानाचे बोर्ड हलतात, त्यात लहान विमानात बसलेल्या माणसाच्या पोटात काय होत असेल ते माझ्या खोलीत होत नाही. घरच्या सरावाचा तास लॉगबुकात पण धरत नाहीत, कमर्शियल लायसनचे २०० तास असे घरी भरत नाहीत. म्हणून कुणी पालक वाचत असेल तर पोराला हे घेऊन दिलं म्हणजे फ्लाइंगचे पैसे वाचतील असं डोक्यात आणू नका. पाय तयार होऊन जातो एवढंच, आणि तेवढं साडेसात हजारांना मला महाग वाटलं नाही.

माझा स्वतःचा हिशोब विचाराल तर, १२ नॉटमध्ये दहापैकी सहा वेळा उतरतो, दोनदा वर जातो, दोनदा गवतात. मेमध्ये दहाच्या दहा गवतात होतो.

भाच्याचा फोन गेल्या आठवड्यात आला. तिकडं फ्लाइंग परत सुरू झालंय, ८ नॉट आडवा होता, टेकल्यावर हात धरून ठेवला, इन्स्ट्रक्टर काहीच बोलले नाहीत. काहीच बोलले नाहीत म्हणजे चांगलं असतं म्हणे. आता तो म्हणतोय पेडल हॉस्टेलला पाठवून द्या. म्हटलं पेडल नेशील, दहा किलोची प्लेट एसटीत कोण चढवणार? तर म्हणाला प्लेट राहू दे, इथं दुसरी करून घेतो. करून बघ म्हटलं. तिथं उद्यमनगर आहे का?

कुणाला स्प्रिंग बदलून पाहिजे असेल तर उद्यमनगरात जाऊन नुसतं विचारा, विमानाचं शिलाई मशीन कोण दुरुस्त करतं. माझ्यानंतर अजून दोघं जाऊन आलेत, आता सगळ्या बोळाला माहीत आहे.